७४७ सीसी: एका ऑस्टिन सेव्हन स्पेशलच्या प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर

गाडी आज गॅरेजमध्ये आली. १९३० ची ऑस्टिन सेव्हन, ७४७ सीसीच्या इंजिनाची छोटी इंग्लिश गाडी. म्हणजे चेसिस १९३० ची. वरची टोकदार शेपटीची अ‍ॅल्युमिनिअमची बॉडी पुढे कधीतरी कुणीतरी अल्स्टर या सेव्हनच्या शर्यतीच्या मॉडेलच्या धर्तीवर ठोकून घडवलेली. कारखान्यातून बाहेर पडलेल्या अस्सल अल्स्टर थोड्याच, आणि त्यांच्या आजच्या किमती पगारदार माणसाने नुसत्या ऐकाव्यात. स्पेशल मात्र परवडते. साध्या सेव्हनची सडलेली बॉडी उतरवायची, स्प्रिंगा सपाट करून गाडी खाली बसवायची, हलकी बॉडी चढवायची आणि शर्यतीला न्यायची, ही रीत इंग्लंडमध्ये या गाड्या रस्त्यावर नव्या होत्या तेव्हापासूनची. लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनची पहिली लोटस अशाच एका सेव्हनमधून निघाली. ज्याच्या नावाचा रेसिंग संघ आजही पळतो त्या ब्रूस मॅकलारेनने न्यूझीलंडमध्ये पोरवयात पहिल्या शर्यती केल्या त्या अल्स्टरवर.

माझं घर बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, लाँगब्रिजपासून जवळ. ऑस्टिनचा कारखाना तिथला. २००५ मध्ये तो बंद पडला. ही गाडी जिथे जन्मली तिथून फार लांब आलेली नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

ऑफिसमधले विचारतात की बटण दाबलं की चालू होणारी गाडी दारात असताना हे कशाला? या गाडीत असा एकही भाग नाही जो हातात घेऊन, उलटसुलट करून मला समजत नाही. रोजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं. इथे बॉनेट उघडलं की इंजिन दिसतं.

२३ नोव्हेंबर

इंजिन उतरवलं. दोघांनी उचलून बाकावर ठेवता येतं, क्रेन लागत नाही. बिडाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनिअमच्या क्रँककेसवर स्टडने बसवलेला, साइड व्हॉल्व्ह, वर सुटं हेड. पाण्याला पंप नाही. गरम पाणी आपोआप वर रेडिएटरकडे चढतं, गार पाणी खालून येतं. पेट्रोलसाठी एकच एसयू कार्ब्युरेटर.

या इंजिनाची आखणी १९२१-२२ मध्ये हर्बर्ट ऑस्टिनने आपल्या घरी, लिकी ग्रेंजमध्ये केली. संचालक मंडळाला छोटी गाडी नको होती, म्हणून त्याने कारखान्यातला स्टॅन्ली एज नावाचा अठरा वर्षांचा ड्राफ्ट्समन घरी बोलावला आणि बिलियर्डच्या खोलीत बसून दोघांनी गाडी कागदावर उतरवली. चार सिलिंडर असावेत हा आग्रह त्या पोराचा. १९३९ पर्यंत अशा जवळजवळ २,९०,००० गाड्या बनल्या. बीएमडब्ल्यूची पहिली मोटारगाडी, डिक्सी, तीसुद्धा परवाना घेऊन बनवलेली सेव्हनच.

ब्लॉकचे बोअर चांगले आहेत. नुसतं होनिंग, म्हणजे आतून बारीक घासणं, पुरेल. व्हॉल्व्ह सीट कापाव्या लागतील.

१४ डिसेंबर

आजची नोंद वाईट बातमीची. क्रँक, म्हणजे पिस्टनची खालीवर चाल फिरतीत बदलणारा इंजिनाचा मुख्य दांडा, फुटायला निघालीय.

तपासणीची पद्धत साधी आहे. क्रँकमध्ये चुंबकत्व भरायचं, तिच्यावर लोखंडाचे बारीक कण असलेली चमकती शाई ओतायची आणि अंधारात जांभळ्या दिव्याखाली धरायची. चीर असेल तिथे कण गोळा होतात. मागच्या बाजूला, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि वेब (त्याला जोडणारी बाजूची भिंत) यांच्या सांध्यात, नखाएवढी हिरवी रेघ उजळली. दिवा लावून पाहिलं तर तिथे काहीच नाही, धातू आरशासारखा गुळगुळीत. पुन्हा अंधार केला, रेघ पुन्हा जागच्या जागी.

सेव्हनच्या क्रँकला चार थ्रो, म्हणजे एकेका पिस्टनसाठी एकेक बाक, आणि आधार फक्त दोन टोकांना: मागे रोलर बेअरिंग, पुढे बॉल बेअरिंगची जोडी. मध्ये काहीच नाही. घरगुती गाडी रविवारी सासुरवाडीला नेणाऱ्या माणसाला याने कधी त्रास झाला नाही. पण इंजिन पाच हजार फेऱ्यांकडे ओढलं की क्रँकचा मधला भाग प्रत्येक फेरीला वाकतो आणि सरळ होतो. नव्वद वर्षांपूर्वीचं पोलाद कधीतरी थकणारच.

रात्री कोल्हापूरला व्हिडिओ कॉल. बाबांनी सगळं आयुष्य शिवाजी उद्यमनगरात लेथवर घालवलं, ऑइल इंजिनच्या क्रँका ग्राइंड केल्या. मी फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"ही टाकून दे. वेल्डिंग करायच्या नादाला लागू नगंस."

"बाबा, नवी महाग आहे हो."

"ब्लॉक फोडून बाहीर आली तर किती महाग पडंल?"

५ जानेवारी

नव्या क्रँकची ऑर्डर दिली. नव्याने बिलेट पोलादातून कापलेली, नायट्राइड केलेली, मूळ मापाची. असे भाग आज बनतात याचं कारण शर्यत. सेव्हन नुसत्या काचेआड उभ्या राहिल्या असत्या तर त्यांची क्रँक नव्याने कापायची गरज कुणाला पडली असती? दर हंगामात कुणी ना कुणी क्रँक तोडतो, कुणाचा हाफ शाफ्ट जातो, कुणाचं फ्लायव्हील सुटतं, म्हणून कुणीतरी लेथ चालू ठेवतो, नमुने जपतो, मापं वहीत लिहून ठेवतो. ७५० मोटर क्लब १९३९ पासून आहे, सेव्हनवाल्यांचे गावोगावचे क्लब वेगळेच. एवढ्या जुन्या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग टपालाने घरी येतो, यावर माझ्या ऑफिसमधल्या कुणाचा विश्वास बसत नाही.

१ फेब्रुवारी

फ्लायव्हीलचं काम. सेव्हनमध्ये फ्लायव्हील क्रँकच्या शेपटीवरच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर, बसतं. खाचेत चावी (धातूची छोटी पाचर) असते, पण भार टेपरने पेलायचा असतो. टेपर नीट बसला नाही तर फ्लायव्हील आधी किंचित हलतं, मग चावी कापतं, मग क्रँकची शेपटी खराब करतं.

ग्राइंडिंग पेस्ट लावून हाताने लॅपिंग केलं. अर्धी फेरी पुढे, अर्धी मागे, उचलायचं, जागा बदलायची, परत. मदतीला लाँगब्रिजच्या टूलरूममध्ये नोकरी केलेले एक आजोबा येतात. वय ऐंशीच्या पुढे, हात अजून स्थिर. ते बोलत नाहीत, नुसते बोटाने कडा चाचपतात आणि मान हलवतात. अजून नाही.

संध्याकाळी बाबांचा पहिला प्रश्न: "ब्लू मारून बघितलास काय? का नुस्ताच घासत बसलायस?"

मारला होता. निळा रंग सगळीकडे सारखा उठेपर्यंत थांबायचं. शेवटी आजोबांनी फ्लायव्हील नुसतं हाताने टेपरवर टेकवून फिरवलं आणि ते तिथेच चिकटून बसलं, ओढूनही सुटेना. काढायला पुलर लावावा लागला. आजोबांनी फोनच्या पडद्याकडे बघून अंगठा दाखवला, बाबांनी तिकडून दाखवला. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी जेमतेम. टेपर दोघांनाही कळतो.

१५ फेब्रुवारी

तेलाची व्यवस्था. आधुनिक गाडीतून आलेल्या माणसाला ही भीतिदायक वाटते. साध्या सेव्हनमध्ये पंप तेल जेटपर्यंत पोचवतो, जेट त्याची बारीक चिळकांडी क्रँकवर उडवतो, आणि फिरत्या क्रँकने ती झेलून बिग एंडपर्यंत, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो त्या बेअरिंगपर्यंत, न्यायची. गेजचा काटा जागचा जेमतेम उठतो. कारखान्याच्या अल्स्टरला दाबाखाली तेल मिळायचं. मी मात्र मूळ चिळकांडीचीच पद्धत ठेवतोय आणि फेऱ्या पाच हजारांच्या आत राखणार. जेट चोंदला की बिग एंड गेला. त्यासाठी ऑस्टिनने सोय करून ठेवलीय: क्रँककेसचं बूच बाहेरून काढायचं, तार घालायची, जेट साफ. इंजिन उघडायची गरज नाही. पुढे ज्याच्या हातात ही गाडी जाईल त्याचा विचार करून काढलेलं डिझाइन आहे हे.

१ मार्च

काम बंद. लेकीला घेऊन वेब्रिजला ब्रुकलँड्स पाहायला गेलो.

१९०७ चा हा काँक्रीटचा ट्रॅक, खास मोटारींसाठी बांधलेला, पावणेतीन मैलांचा, १९३९ मध्ये कायमचा बंद झाला. चढत्या वळणाचा काही भाग अजून उभा आहे. त्याच्या तळाशी उभं राहून वर पाहिलं की मान मागे जाते. काँक्रीटला भेगा, भेगांतून गवत. लेक चढायला गेली आणि निम्म्यावरून घसरत खाली आली. याच ट्रॅकवर १९३० ची ५०० मैलांची शर्यत सॅमी डेव्हिस आणि अर्ल ऑफ मार्च यांनी सुपरचार्ज्ड (पंपाने जादा हवा कोंबलेल्या इंजिनाच्या) सेव्हनवर जिंकली, ताशी ८३ मैलांहून जास्त सरासरीने. हँडिकॅपची शर्यत होती, मोठ्या गाड्या उशिरा सुटत. तरीही ७५० सीसीचं इंजिन ५०० मैल त्या काँक्रीटवर आदळत, एवढ्या वेगात टिकवणं! ज्याने सेव्हनची क्रँक हातात धरलीय त्यालाच यातलं खरं वजन कळेल.

आणि त्याच्या आदल्या वर्षी, १९२९ मध्ये, उत्तर आयर्लंडमधल्या आर्ड्‌सच्या रस्त्यांवर अल्स्टर टीटी, म्हणजे टूरिस्ट ट्रॉफीची शर्यत. पहिला कराचिओला, सात लिटरच्या मर्सिडीजवर. दुसरा कंपारी, अल्फावर. तिसरा आर्ची फ्रेझर-नॅश, ऑस्टिन सेव्हनवर. अल्स्टर हे नाव त्या शर्यतीवरून पडलं.

लेकीने विचारलं, "बाबा, मुली चालवायच्या का तेव्हा?" के पेट्रचा फोटो दाखवला. जेमतेम पाच फुटांची बाई. १९३५ मध्ये साडेदहा लिटरच्या डेलाजवर तिने इथे ताशी १३४ मैलांहून जास्त वेगाची फेरी मारली आणि पुढे ऑस्टिनच्या कारखान्याच्या संघातून सेव्हन पळवल्या. लेक त्या फोटोपाशी बराच वेळ होती.

२२ मार्च

ब्रेक. चारही चाकांना, केबलवर चालणारे. चारही बाजूंचा ताण सारखा येईपर्यंत गाडी जॅकवर आणि मी जमिनीवर. एक कडक, एक ढिला, तो कसला की हा ढिला. पुढचे स्टँडवर नीट वाटतात आणि गाडी खाली उतरवली की बदलतात, कारण स्प्रिंग दबली की केबलचा मार्ग बदलतो. म्हणून शेवटचं सेटिंग गाडी चाकांवर उभी असताना, सीटवर माणूस बसवून. लेकीला बसवलं, तिच्या मांडीवर गव्हाच्या पिठाची पोती दिली.

१९ एप्रिल

इंजिन चालू झालं. हँडल मारून. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलला मिठी मारायची नाही. उलटा झटका आला तर मनगट जातं. बाबांनी ऑइल इंजिनाच्या हँडलवर हेच शिकवलं होतं.

आधी फुसफुस, मग एक ठोका, मग चारही. आवाज जाडाभरडा, पण सलग. टॅपेट थोडे वाजतात, गरम झाल्यावर बसले. तेलाच्या गेजचा काटा जेवढा उठायचा तेवढा उठला. आजोबांनी लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक क्रँककेसला लावून मागचं बेअरिंग ऐकलं. बराच वेळ. मग हसले.

१० मे

रस्त्यावर. वुस्टरशरच्या गल्लीबोळांत, झुडपांच्या कुंपणांमधून.

क्लचच्या पेडलची चाल इतकी कमी की पाय उचलायचा नाही, नुसता उचलायचा विचार करायचा. गिअरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. वरून खाली येताना क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरचा बेताचा टोला, परत क्लच, मग गिअर. टोला कमी पडला तर दात करकरतात, जास्त पडला तरी करकरतात. बरोबर बसला तर लिव्हर दोन बोटांनी, आवाज न करता आत जातो. तो क्षण मिळाला की माणूस उगीचच पुढच्या वळणाआधी परत गिअर बदलतो.

वेग ताशी ४० मैल. डोकं वाऱ्यात, कोपर बॉडीच्या बाहेर, रस्ता हाताच्या अंतरावर. मोटरवेवर याच्या दुप्पट वेगात झोप येते. इथे डोळा मिचकवायची सवड नाही. मागचे छोटे स्प्रिंग बाक घेतात तसा मागचा अ‍ॅक्सल स्वतःच थोडा वळतो आणि गाडी वळणात जरा जास्तच शिरते. ते आधी ओळखून स्टिअरिंग सोडायचं. अशा रस्त्यावर, अशा वेगात, पोलिसांना काडीचाही आक्षेप घेता येणार नाही अशा बेतात, माणूस गाडीच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन चालवत असतो. नव्या स्पोर्ट्‌स कारचं ते टोक गाठायचं तर एक तर ट्रॅक हवा, नाहीतर वकील.

७ जून

कागदपत्रं. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लबच्या शर्यतीत उतरायचं तर गाडीचा पात्रतेचा दाखला लागतो, ज्याला सगळे बफ फॉर्म म्हणतात. चेसिस कधीची, इंजिन कधीचं, कुठला भाग मूळ, कुठला नव्याने बनवलेला, सगळं लिहून द्यायचं. ३१ डिसेंबर १९३० च्या आधीची ती व्हिंटेज. त्यानंतरच्या दशकातल्या निवडक गाड्या वेगळ्या वर्गात. काही जणांना हा काथ्याकूट वाटतो. मला तो पटतो. जुन्या खोक्यात आजचं इंजिन घालून पळायची मुभा दिली तर दोन हंगामांत जुनं काहीच उरणार नाही. हा क्लब सुरू झाला तोच फार पैसा नसलेल्यांसाठी, चांगल्या जुन्या गाड्या आणि स्वस्तातल्या शर्यती एवढ्या बळावर. आज तिथे लाखो पौंडांच्या बेंटली उभ्या असतात, पण त्यांच्या शेजारी सेव्हनला जागा मागावी लागत नाही.

सुरक्षेची तयारीही झाली: अ‍ॅक्सिलरेटरला दोन रिटर्न स्प्रिंगा, तेलाच्या श्वासनळीला डबा, बॅटरीच्या अर्थच्या तारेला पिवळी पट्टी, पुढे वेळ मोजणाऱ्या किरणासाठी काळी उभी पट्टी.

३ ऑगस्ट

प्रेस्कॉट. ग्लॉस्टरशरमधली ही टेकडी बुगाटी मालकांच्या क्लबची, १९३८ पासून शर्यतीत. आजचा मार्ग ११२७ यार्डांचा: खालून सुटायचं, ऑर्चर्ड, एतोरेचं लांब वळण, मग पार्डनची हेअरपिन, एसेस, सेमिसर्कल, वर शेवट. एकेक गाडी सुटते, घड्याळ तिच्याशी बोलतं.

पॅडॉकमध्ये पाय ठेवला आणि पहिला आला तो वास. जळलेल्या एरंडेलाचा. जुन्या रेसिंग इंजिनांत अजूनही एरंडेलाचं तेल घालतात, आणि तो गोडसर, जड धूर गवतावरून सरकत असतो. पलीकडे लिंकनशरच्या बोर्न गावात बनलेली ईआरए गरम करत होते. दीड लिटरचं सुपरचार्ज्ड इंजिन, आवाज छातीत बसतो. तिच्या मागून फ्रेझर नॅश गेली, मागच्या अ‍ॅक्सलवर साखळ्या खळखळत. या गाड्यांभोवती दोरी नाही, पाटी नाही. लहान मुलं टायरला हात लावतात, मालक गाडीखाली आडवा, पाय बाहेर.

पहिल्या धावेआधी इंजिन ठोके चुकवायला लागलं. कंडेन्सर, म्हणजे ठिणगीच्या जोडणीतला छोटा विजेचा भाग, मेला, नवा कोरा. कुणी बनवला ते लिहीत नाही, पण हल्लीच्या या कंडेन्सरांचा दर्जा हा सेव्हनवाल्यांचा रोजचा संताप आहे. माझ्याकडचा जादाही त्याच खोक्यातला. शेजारी माझ्याच वर्गातला एक गडी, लाल सेव्हनवाला. त्याने काही न विचारता डब्यातून स्वतःचा जुना, तपासलेला कंडेन्सर काढला, माझ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये स्वतः बसवला, पॉइंटची फट फीलरने पाहिली आणि म्हणाला, आता पळ. त्याच्याकडे दुसरा नव्हता. हे त्याने मला दुपारी सांगितलं.

सुरुवातीच्या रेषेवर मागच्या चाकाखाली लाकडी पाचर लावतात, गाडी उतारावरून मागे येऊ नये म्हणून. दिवा हिरवा झाला की तुमच्या मर्जीने सुटायचं. ऑर्चर्डला पाय उचलला नाही. हीच सेव्हनची सगळी विद्या: पंचविसेक घोड्यांची ताकद आहे, एकदा वेग सांडला की परत मिळत नाही, म्हणून सांडायचाच नाही. ब्रेक उशिरा, थोडा. वळण मोठं घ्यायचं. स्टिअरिंगला कमीत कमी त्रास. एतोरेवर मागचं आतलं चाक हलकं झालं, गाडी थोडी तिरकी, पाय तसाच खाली. पार्डनला पहिला गिअर. टोला बरोबर बसला. पण पार्डनमधून वर येताना पहिल्यात फेऱ्या संपल्या, दुसरा टाकला आणि चढावर इंजिनाचा जोर पडला. सगळा कमावलेला वेग तिथे गेला. लेक कठड्याला टेकून उभी होती. म्हणाली की तिथे आवाजच खाली पडला.

दुपारनंतरची धाव ५९ सेकंदांच्या घरात. लाल सेव्हनवाला माझ्या बराच पुढे, आणि तसंच असायला हवं होतं. पार्डनच्या आधी तो गिअर कुठे बदलतो ते त्याने संध्याकाळी जमिनीवर काडीने काढून दाखवलं.

१७ ऑगस्ट

तेल फडक्यातून गाळलं. कण नाहीत. जेटमध्ये तार घातली, मोकळे. फ्लायव्हील जागच्या जागी. लाल सेव्हनवाल्याला कंडेन्सर परत पाठवला, सोबत जुन्या साठ्यातले आणखी दोन शोधून.

आता गिअरबॉक्स. घरगुती गिअरमध्ये पहिल्या आणि दुसऱ्यातलं अंतर फार. जवळच्या रेशोचा सेट घातला तर पार्डननंतर इंजिनाचा जोर पडणार नाही, पण पहिला गिअर लांब होतो आणि रेषेवरून सुटताना क्लचवर ताण येतो. इथल्या क्लचची चाल आधीच एवढीशी. आजोबा म्हणतात, घाल. मी बाबांना दोन्ही बाजू सांगितल्या. ते लेथवर थ्रेडचे गिअर बदलायचे तेव्हा हिशेब तोंडी करायचे.

"दातं किती हायती सगळ्या गिअरांची? लिहून पाठीव. आणि मागच्या अ‍ॅक्सलची बी. चाकाचा घेर मोज, कंपनीचा आकडा नगो."

घेर मोजला, हवा भरून, गाडीत बसून. अ‍ॅक्सलचे दात मोजून झाले. गिअरबॉक्स उद्या उतरतो.